मास्तरांची गाडी डिझेल पिते

शहरातली निम्मी माणसं गाडी चालवतात ती मास्तरांमुळे, आणि त्यातली बरीचशी अजूनही मधूनच डावा गुडघा चोळतात.

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दाराशी एक पांढरी डिझेल गाडी, टपावर स्कूलची पाटी मिरवणारी. शिकवणीच्या गाडीला असतात तशी तिला पेडलं दोन्हीकडे होती. शिकणाऱ्याच्या पायाशी तीन, आणि शेजारी मास्तरांच्या पायाशी दोन, क्लच आणि ब्रेक. दोन्ही बाजू खालून लोखंडी दांड्यांनी जोडलेल्या. शिकणाऱ्याने क्लच दाबला की मास्तरांच्या बाजूचं पेडलही आपोआप खाली बसे. त्यामुळे शिकणाऱ्याच्या पायाकडे न बघताच मास्तरांना कळे, की गिअर पडून गेला तरी याचा पाय अजून क्लचवर रेंगाळतोय. मग फूटपट्टी उठे. लाकडी, कडेला पितळ मारलेली.

"पाय! क्लच म्हणजे काय तुझ्या बापाचं पायपुसणं आहे?"

आणि सप्पकन गुडघ्यावर.

आवाज असा, की भरल्या थिएटरात माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाने दचकून जागं व्हावं. सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या बसमधले लोक खिडकीतून वाकून बघत. मास्तरांना ते आवडे. प्रेक्षक असले की त्यांचं काम जास्त रंगे. शिकणाऱ्याला नाव ठेवायचं ते अशा वेळी, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एकाचं नाव पडलं 'कोंबडा', कारण तो मान पुढे काढून चालवायचा. एका प्राध्यापिकाबाईंचं 'गुळाची ढेप'. आणि एक शांत, सावकाश मुलगा होता, चौथा गिअर टाकायला घाबरणारा, त्याचं 'गोगलगाय'. ही नावं गाडीतून उतरून माणसाबरोबर घरी जात आणि जन्मभर राहत. गोगलगाय पुढे मोठा झाला, त्याने स्वतःचं गॅरेज काढलं, तरी लोक आजही म्हणतात, "गाडी गोगलगायीकडे टाकली आहे."

खोटं कशाला बोला, शिकवायचे मात्र उत्तम. त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसाने कधी कुणाला चिरडलं नाही. पण त्यांना पाहून कुणी रस्ता ओलांडून भेटायला आलं, असंही कधी झालं नाही.

डॅशबोर्डवर त्यांनी स्वतः रंगवलेली एक ओळ होती: मागे बसणाऱ्यांनी बोलू नये. आणि तोंडात कायमचं एक वाक्य: "गाडी कधी चुकत नाही. चुकतो तो माणूस."

त्यांच्याकडे एक मुलगी शिकायला आली होती. स्टिअरिंग धरलं की तिचे हात कापत. मास्तरांनी तिचं नाव ठेवलं 'थरथर'. बाजाराच्या चौकात गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा गदारोळ झाला आणि मास्तरांनी खिडकीची काच खाली करून सगळ्या चौकाला ओरडून सांगितलं, "थांबा हो, आमची थरथर रडून घेतेय!" त्या दिवशी मागच्या सीटवर मास्तरांचा मुलगा बसला होता. नियमाप्रमाणे तो काही बोलला नाही. पण पुढे त्याने लग्न केलं ते तिच्याशीच. मास्तरांच्या बायकोने सुनेला प्रेमाने जवळ घेतलं आणि काही वर्षांनी बायको वारली. मास्तरांनी मात्र नाव बदललं नाही. "थरथर, चहा." "थरथर, माझा चष्मा." लग्नाआधी ती त्यांना मास्तर म्हणायची, लग्नानंतर बाबा म्हणू लागली. परवाना तिच्याकडे होता, कपाटात, साड्यांखाली. तिने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

मग चौकात नवी स्कूलं निघाली. गार हवेच्या गाड्या, गोड बोलणारी मुलं. मास्तरांची खोली बंद झाली. उरली ती गाडी. मास्तर सकाळी तिच्यात बसत, उगाच एक फेरी मारून येत. पूर्वीच्या शिष्याला चुकीच्या वळणावर पकडलं की गाडी आडवी घालून भर रस्त्यात धडा देत. तेवढाच त्यांचा प्रयोग उरला होता.

आणि त्या गाडीने डिझेल प्यायला सुरुवात केली.

डिझेल मुलगा भरत असे. एका संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "बाबा, गाडी डिझेलवर चालते की डिझेलने आंघोळ करते? अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आलंय."

"हवा गरम आहे. गरम हवेत पिते थोडं."

"हिवाळ्यात म्हणालात गार हवेत पिते." मुलाने ताट बाजूला सारलं. "भंगारवाल्याशी बोललोय मी. महिनाअखेर तो येईल. तोवर अ‍ॅव्हरेज पूर्वीसारखं झालं तर गाडी राहील. नाहीतर जाईल. हे शेवटचं."

मास्तरांच्या हातातला घास हातातच राहिला. भंगार म्हणजे काय हे त्यांनी पाहिलं होतं. गाडीच्या पाठीत लोखंडी पंजा खुपसतात आणि उचलतात, मेलेल्या उंदराला शेपटीला धरून उचलावं तशी.

"गाडी कधी चुकत नाही," ते म्हणाले. "चुकतो तो माणूस. कोणीतरी डिझेल काढतंय."

असं म्हणून त्यांनी बघितलं ते सुनेकडे.

सुनेचा भाऊ तेव्हा अधूनमधून येत असे. त्याच्या दुकानात जनरेटर होता आणि तो डिझेलवर चाले. मास्तरांना एवढा पुरावा पुरला. त्यांनी टाकीच्या झाकणाला कुलूप बसवलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. पुढच्या वेळी भाऊ आला, तेव्हा शेजारचे काका-काकू बसलेले असताना मास्तरांनी ती किल्ली शर्टातून बाहेर काढून सगळ्यांसमोर हलवली.

"काय पाहुणे, रिकाम्या हाती जाणार ना आज? नळी आणली असाल तर घरी घेऊन जा परत."

भावाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो उठला, चप्पल घालून निघून गेला. सून दारात उभी होती. तिचे हात कापत होते, आणि मास्तर काकूंना म्हणाले, "बघा. चोराचे हात."

त्यानंतर भाऊ आला नाही. अ‍ॅव्हरेजही सुधारलं नाही.

तेव्हा मास्तरांना जावं लागलं गोगलगायीच्या गॅरेजात.

गॅरेजात एक लांब बाकडं होतं. गाडी दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाइकं त्यावर बसत, आणि त्यातला एक ना एक जण मास्तरांचा शिष्य असेच. मास्तर आत आले, राजाने दरबारात यावं तसे, फूटपट्टी काखेत.

"काय रे गोगलगाय, चौथ्या गिअरपर्यंत पोचलास का?"

गोगलगाय हसला नाही. त्याने हात पुसले. "बसा मास्तर. बघतो. सावकाश बघतो."

आणि तो खरंच सावकाश बघू लागला. पहिल्या दिवशी एअर फिल्टर काढला, उन्हाकडे धरला. पलीकडचं काही दिसेना. "इंजिनाचं नाक चोंदलंय," म्हणत नवा बसवला. मग टायरमधली हवा. कमी होती, भरली. नंतर एकदा गाडी जॅकवर उचलून एकेक चाक हाताने फिरवून पाहिलं. मागचं एक चाक जड फिरत होतं, ब्रेक पुरता सुटत नव्हता. तो सोडवला. पुढच्या वेळी इंजिन गार राहतंय म्हणून थर्मोस्टॅट बदलला. त्यानंतर इंजेक्टर काढून साफ केले. दर वेळी मास्तर बाकड्यावर बसत. दर वेळी अ‍ॅव्हरेज केसभर वाढे आणि तिथेच बसे. दर वेळी मास्तर परत येत, आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा खाली आलेला असे.

"टपावरची पाटी काढा," गोगलगाय एकदा म्हणाला. "वारा अडतो. डिझेल जास्त लागतं."

"ती पाटी माझी..."

"तुमची मर्जी. भंगारवाला पाटीसकट घेईल."

बाकड्यावर कोणीतरी फुसकन हसलं. मास्तरांनी स्वतः स्क्रू काढून पाटी उतरवली, दोन्ही हातांनी पोटाशी धरून घरी आणली. दुसऱ्या दिवशी ती न्हाणीघरातल्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलेली दिसली. मास्तर सुनेला काही बोलले नाहीत. बोलले असते, पण महिना संपत आला होता.

मग तो चपलेचा दिवस. मास्तर गाडीतून उतरले, गॅरेजच्या फरशीवरून तावातावाने चालत आले आणि बाकड्यावरच्या कोंबड्याला, म्हणजे आता केस पिकलेल्या कोंबड्याला, वळण कसं घ्यावं ते सांगू लागले. सगळे त्यांच्या पायाकडे बघत होते. उजव्या पायात चप्पल होती. डावा अनवाणी.

"मास्तर," कोंबडा म्हणाला, "दुसरी चप्पल सर्व्हिसिंगला टाकली काय?"

बाकडं हसून हसून हललं. मास्तरांनी खाली पाहिलं. चप्पल गाडीत, पेडलापाशी राहिली होती. ती पायातून निघाली कधी, हे त्यांना कळलंच नव्हतं.

"मुद्दाम काढली," ते म्हणाले. "उकडतं."

हसण्याच्या गडबडीत एक गोष्ट फक्त गोगलगायीने पाहिली. फरशीवर, सांडलेल्या काळ्या तेलात, मास्तर चालत आले त्या वाटेवर लाल ठिपके होते. मास्तरांच्या डाव्या टाचेत पत्र्याचा चपटा तुकडा रुतला होता, आणि मास्तर त्याच पायावर भार देऊन वळण शिकवत होते. गोगलगाय गाडीपाशी गेला. दार उघडून वाकला. आत जळक्या रबरासारखा कडवट वास होता. मग एक चिंधी आणून त्याने मास्तरांच्या हातात दिली.

"पाय पुसा. आणि सांगा, ही गाडी कोण कोण चालवतं?"

"मीच. दुसऱ्याच्या हातात देईन का?"

"मग आता दुसऱ्याच्या हातात द्यावी लागेल. शेवटची परीक्षा. टाकी काठोकाठ भरायची, टोलनाक्यापर्यंत जाऊन यायचं, त्याच पंपावर त्याच नळीने पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं भरलं तेवढं गाडीने प्यायलं. एकदा दुसरं कोणी चालवेल, एकदा तुम्ही. रस्ता तोच, माणसं तीच."

मास्तरांचे डोळे चमकले. पाटी उतरवल्यापासून पहिल्यांदाच ते ताठ झाले. "थरथर चालवेल," ते बाकड्याला ऐकू जाईल असं म्हणाले. "माझी सगळ्यात वाईट शिष्या. तिच्या हातात गाडी किती पिते बघा, आणि मग माझ्या हातात बघा. कळेल तुम्हाला ड्रायव्हर म्हणजे काय ते."

घरी सून नाही म्हणाली. मुलगा म्हणाला, "तू चालव. एकदाच." ती कपाटापाशी गेली, साड्यांखालून परवाना काढला.

रविवारी सकाळी पंपावर टाकी भरली. मास्तर सवयीने शेजारच्या सीटकडे वळले, तर गोगलगायीने दारावर हात ठेवला.

"तुम्ही मागे, मास्तर."

"मी? मागे?"

"त्या बाजूला पेडलं आहेत. परीक्षेत मास्तरांचा पाय नको."

अख्ख्या आयुष्यात मास्तर स्वतःच्या गाडीत मागे बसले नव्हते. फूटपट्टी पुढे डॅशबोर्डवर राहिली. त्यांच्या शेजारी मुलगा बसला आणि गोगलगाय पुढे, पाय सीटखाली दुमडून. सुनेने किल्ली फिरवली. तिचे हात कापत होते, पण गाडी हलली. पहिल्या वळणावर मास्तर ओरडले, "गिअर! अगं गिअर!" मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, समोर काय लिहिलंय वाचा." मास्तरांनी वाचलं. ते त्यांचंच अक्षर होतं. त्यांनी ओठ मिटले.

टोलनाक्याच्या अलीकडे एक लांब चढ होता. सुनेने गिअर उतरवला, क्लच सोडला, पाय बाजूला घेतला आणि गाडी सरळ वर गेली. परतीच्या वाटेवर तिचे हात कापत नव्हते. ते मास्तरांनी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघू लागले.

पंपावर पुन्हा टाकी भरली. पंपवाल्याने नळी बाहेर काढली, तसा मुलगा म्हणाला, "एवढंच?" पंपवाल्याने खांदे उडवले. "एवढंच मावलं." गाडीने नवी असताना प्यावं तेवढंच प्यायलं होतं.

"म्हणजे गाडी बरी झाली!" मास्तरांनी टाळी वाजवली. खरोखरचा आनंद झाला होता त्यांना. "मी म्हटलं नव्हतं? गाडी कधी..."

"आता तुम्ही," गोगलगाय म्हणाला.

मास्तर पुढे बसले. शेजारी सून. मागे मुलगा आणि गोगलगाय. मास्तरांनी आरसा नीट केला, गळ्यातली किल्ली शर्टात टाकली, आणि गाडी अशी सफाईने रस्त्यावर काढली की बघणाऱ्याने वाहवा म्हणावं. बोलणं सुरू झालं. आरशात बघावं कसं, ओव्हरटेक करावं कसं, हल्लीची स्कूलं कशी फसवी. तोंडी जुने किस्से, आवाज पुन्हा चढलेला.

सून ऐकत नव्हती. ती स्वतःच्या पायांकडे बघत होती. तिच्या पायांपुढे दुसरी पेडलं होती. तिने पाय लांब ठेवले होते, तरी तिच्यापुढचा क्लच अर्धा खाली बसलेला होता. गिअर पडला, तरी तो वर आला नाही. सरळ रस्ता लागला, तरी वर आला नाही. ज्या खुणेवरून मास्तरांनी सगळ्या शहराचे गुडघे फोडले, ती खूण तिच्या पायाशी होती, आणि ते पेडल मास्तरांच्या पायाबरोबर बारीक हलत होतं.

चढ आला. इंजिन ओरडायला लागलं, गाडी पुढे जाईना. जळका वास आत भरला.

"बघा, सुरू झालं," मास्तर म्हणाले. "चढावर पिते. मी सांगत होतो."

सुनेने डॅशबोर्डवरची फूटपट्टी उचलली. मागे बसलेल्यांनी ते पाहिलं. नवरा काही बोलला नाही, आणि गोगलगायीने मान बाजूला वळवली.

तिने वाकून हलकेच मास्तरांच्या डाव्या पावलावर पट्टी टेकवली. मास्तर समोर बघून बोलतच होते. तिने पट्टीने पाऊल ढकललं. मास्तर पुढचा किस्सा सांगू लागले. मग तिने पट्टी वर उचलली, मास्तर उचलत तेवढीच, आणि पितळेच्या कडेने सप्पकन हाणली.

"कसला आवाज झाला?" मास्तर म्हणाले. "सायलेन्सर पडला की काय?"

मग त्यांनी खाली पाहिलं. आपला पाय क्लचवर होता. पावलावर पितळेची लाल रेघ उठली होती. रेघेवर पट्टी, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला सुनेचा हात. हात स्थिर होता.

"पाय, मास्तर," ती म्हणाली. लग्नानंतर ती पहिल्यांदाच त्यांना मास्तर म्हणाली होती.

त्यांनी पाय उचलायचा ठरवला. ठरवला, आणि पाय उचललाय की नाही हे बघायला त्यांना पुन्हा खाली वाकावं लागलं. तेवढ्यात गाडी चढावर बंद पडली. मागे हॉर्न वाजायला लागले. मुलाने मागून हात घालून हँडब्रेक ओढला. कोणीतरी बाजूने गाडी काढता काढता डोकं बाहेर काढून ओरडलं, "म्हाताऱ्या, शिकून ये आधी!"

मास्तर स्टिअरिंग धरून बसले होते. त्यांचे हात कापत होते.

परत गाडी सुनेने आणली. गॅरेजात गोगलगायीने क्लच प्लेट काढून दाखवली, करपलेली, काळी निळी. मास्तरांनी विचारलं ते अगदी हळू. "तुला कधी कळलं?"

"चपलेच्या दिवशी खात्री झाली. शंका पहिल्या दिवसापासून होती. वास येत होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गोगलगायीचं ऐकलं असतंत?" त्याने प्लेट खाली ठेवली. "आणि खरं सांगू का, तुम्हाला त्या बाकड्यावर बसलेलं बघायला बरं वाटत होतं."

डॉक्टरने सांगितलं, साखर कधीपासूनच आहे, पायाच्या नसा गेल्या आहेत, त्या परत येत नाहीत. आयुष्यभर शेजारच्या क्लचवर तयार ठेवलेला तो पाय सवयीने जागेवर जाऊन बसत होता, आणि तिथे आहे हे मालकाला कळवणं मात्र त्याने सोडून दिलं होतं.

मुलाने शब्द पाळला. भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. अ‍ॅव्हरेज आलं, गाडी राहिली. शेजारच्या बाजूची पेडलं गोगलगायीने करवतीने कापली, म्हणजे तिथेही कुणाचा पाय जायला नको. टाकीचं कुलूप निघालं. सुनेने भावाला फोन केला, पण तो काही आला नाही.

आता रोज सकाळी सून गाडी काढते आणि मास्तर मागे बसतात. बाजाराच्या चौकात ती गाडी मुद्दाम सावकाश घेते की गर्दी असते म्हणून, हे त्यांना आरशातल्या तिच्या डोळ्यांवरून ओळखता येत नाही. बोलावंसं वाटलं की समोर ओळ दिसते.

चप्पल सारखी निघते म्हणून तिने त्यांना पट्ट्याची सँडल आणली आहे. निघण्याआधी ती मागचं दार उघडते, वाकते, डाव्या पायाचा पट्टा ओढून बांधते. गल्लीतली माणसं जाता येता बघत असतात. मग ती मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते,

"घट्ट झालं का, बाबा?"

मास्तर पायाकडे बघतात. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कातडी वर आली आहे की नाही ते बघतात. आणि दरवेळी तेच म्हणतात.

"तूच सांग."